मुरब्याची माहेरवाशीण

आमच्या शिरगावच्या घरी गणपतीपेक्षा गौरीचं महत्त्व जास्त. गणपती पाच दिवस असायचा, पण घरातल्या बायका वाट बघायच्या ती गौरीची. आमची गौर तेरड्याची. वाडीच्या मागल्या अंगाला विहीर होती, तिच्या कडेला श्रावणापासून तेरडा माजायचा. तो मुळांसकट उपटून त्याची मोठी जुडी बांधायची, तिला मुखवटा लावायचा, साडी नेसवायची आणि विहिरीपासून घरापर्यंत उराशी धरून आणायची. आणणारीनं वाटेत बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, गौर मध्येच कुठं टेकवायची नाही. आणि आणणारी घरची मुलगीच हवी. सुनेनं आणलेली गौर आमच्यात चालत नसे. गौर माहेरी येते, तेव्हा तिला माहेरच्या मुलीनंच आणायचं, असं मोठी काकी सांगायची.

मी लहान होते तेव्हा ती मुलगी म्हणजे माझी आत्या. बाबांची एकुलती एक बहीण, भावंडांत सगळ्यांत धाकटी. आजी-आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले होते, त्यामुळे तिला मोठ्या काकांनी वाढवलं. ती सातवी शिकली होती, पालघरला शिवणाच्या क्लासला जायची. गौर घेऊन ती विहिरीवरून निघाली की मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं चालायचे. तिला गप्प राहणं जड जायचं. ओठ घट्ट मिटलेले असायचे आणि खांदे हसण्यानं हलत असायचे. उंबऱ्यात काकी तिच्या पायांवर दूध-पाणी घालायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची आणि विचारायची, कोण आलं? आत्या म्हणायची, गौर आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली. मग कुंकवाची पावलं उमटवत ती गौरीला सगळं घर दाखवायची. हे तुझं स्वयंपाकघर, ही भाताची कणगी, हा गोठा. मी पुढं पळून पुढचं दार उघडून ठेवायचे.

मी सात वर्षांची असताना आत्या गौरीला घेऊन इंजिनघरातही गेली. विहिरीजवळ पत्र्याच्या खोलीत पाणी खेचायचं ऑइल इंजिन होतं. काकी वैतागली, तिथं काय दाखवायचंय गौरीला, तेलाचा वास? आत्या म्हणाली, वाडीला पाणी तिथनंच येतं ना. त्या उन्हाळ्यात ते इंजिन सारखं बंद पडत होतं आणि दुरुस्त करायला मुरब्याहून एक तरुण यायचा. कोळ्याचा मुलगा, पण बोटीवर न जाता बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. आत्या त्याला चहा नेऊन द्यायची. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात ती शिवणाच्या क्लासला म्हणून गेली आणि परत आली नाही. दोन दिवसांनी कळलं, तिनं त्या इंजिनवाल्याशी पालघरला कचेरीत लग्न केलं आणि ती मुरब्याला नांदायला गेली. आमच्याकडे वर्षभर मासळी कोळणींकडून यायची, त्यांच्याशी काकीच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या, पण मुलगी त्यांच्या घरात जाणं ही गोष्ट वेगळी होती. मोठ्या काकांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी सगळ्या घराला आंघोळ करायला लावली. डोक्यावरून, थंड पाण्यानं, घरातलं माणूस गेल्यावर करतात तशी. बाबा मला विहिरीवर घेऊन गेले. मी कुडकुडत विचारलं, कोण मेलं? बाबा म्हणाले, कुणी नाही. मग त्यांनी काकांकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यावर दुसरी बादली ओतत म्हणाले, “तुझी आत्या.”

बाबा तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात लेथवर कामाला लागले होते. तिकडे नुकते कारखाने उभे राहत होते. पगार घरात यायचा म्हणून त्यांना घरात मान होता, पण मोठ्या भावासमोर ते कधी बोलले नाहीत. तेव्हाही नाहीत, नंतरही नाहीत. माझ्या आईनं त्या रात्री जेवण केलं नाही, एवढाच काय तो आमच्या बाजूचा निषेध.

पुढच्या भाद्रपदात गौर कुणी आणायची हा प्रश्न आला. काकांना दोन मुलगे, धाकट्या काकांचं लग्न व्हायचं होतं. घरात मुलगी मी एकटीच. आठ वर्षांच्या मुलीच्या हातात ती ओली जुडी मावत नव्हती. माती पायांवर गळत होती, साडीचा काठ पायात येत होता. काकी मागून कुजबुजत होती, टेकवू नको, टेकवू नको. उंबऱ्यात तिनं विचारलं, कोण आलं, आणि मला रडू फुटलं. कशाच्या पावलांनी आली, याचं उत्तर त्या वर्षी काकीनंच देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी गौरीला तिखटाचा नैवेद्य असायचा. गणपतीसमोर पडदा ओढायचा आणि गौरीपुढं चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण, वडे नि भात वाढायचा. सकाळी मागच्या फाटकाशी हाक आली, चिंबोऱ्या घ्या चिंबोऱ्या. आवाज ऐकून काकीच्या हातातली परात थांबली. आईनं माझ्याकडे पाहिलं. काकी स्वतः बाहेर गेली नाही. तिनं माझ्या हातात टोप दिला, पैसे दिले आणि सांगितलं, “पैसे तिच्या हातात दे, मगच चिंबोऱ्या घे. फुकटचं घ्यायचं नाय. आनी आत्या म्हनू नको तिला.”

फाटकाबाहेर आत्या उभी होती. लुगडं कोळणींसारखं नेसलेलं, कमरेला टोपली. मुरब्याहून खाडी ओलांडून सातपाटीला यायचं आणि तिथून चालत शिरगावला, एवढं अंतर ती भर पावसात चालून आली होती. मला बघून ती हसली. सुंभानं बांधलेल्या मोठ्या मोठ्या भरलेल्या चिंबोऱ्या तिनं एकेक करून टोपात ठेवल्या. मी पैसे पुढं केले. तिनं मान हलवली. मी तशीच हात पुढं करून उभी राहिले, कारण मला तसंच सांगितलं होतं. मग तिनं पैसे घेतले आणि विचारलं, “गौर तू आनलीस का, बाय?” मी हो म्हटलं. “जड झाली?” मी पुन्हा हो म्हटलं. ती म्हणाली की जुडी खालून नाही धरायची, एक हात मध्ये घालायचा. आणि ती गेली.

अशी ती तीन वर्षं आली. दरवर्षी मी टोप घेऊन जायचे, पैसे द्यायचे. गौरीच्या नैवेद्याला तिच्याच चिंबोऱ्या असायच्या आणि काका त्या आवडीनं खायचे. पैसे दिले की नातं राहत नाही, असं आमच्या घरानं ठरवून टाकलं होतं. मला त्यात काही खटकत नव्हतं, हे इथं सांगायला हवं. वर्षातून एकदा आत्या दिसते आणि माझ्याशी चार शब्द बोलते, हा मला सणाचाच भाग वाटायला लागला होता.

तिसऱ्या वर्षी तिच्या कडेवर मुलगी होती, वर्षाची असेल. आत्या म्हणाली, “पुढल्या साली गौर आनशील तवा जरा कुंपनाच्या बाजूनं ये. मी भायेर उभी ऱ्हाईन. लांबनंच बगीन.” मला काही अवघड वाटलं नाही. विहिरीवरून घराकडे यायला दोन वाटा होत्या, त्यांतली एक कुंपणाला लागून जायची.

पुढच्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. काकी घरात पायांवर घालायच्या पाण्याची तयारी करत होती, माझ्यामागं तांब्या घेऊन काकांचा धाकटा मुलगा होता. मी कुंपणाच्या वाटेनं वळले. आत्या पलीकडे उभी होती, मुलीला पुढं धरून तिला गौर दाखवत होती. मला बोलायचं नव्हतं, थांबायचंही नव्हतं, पण मी थांबले. आत्यानं निवडुंगाच्या कुंपणाच्या फटीतून हात घातला आणि गौरीच्या डोक्यावरून घसरलेला पदर वर ओढला. मग स्वतःच्या डोक्यातली अबोलीची वेणी काढून गौरीला माळली. तिच्या मनगटावर काट्याचा ओरखडा उठला होता. एवढंच झालं. मी पुढं निघाले.

उंबऱ्यात काकीचं लक्ष पहिल्यांदा त्या वेणीकडेच गेलं. तिनं गौरीला शेवंती माळली होती. तिनं मला विचारलं, ही कुठून आली? मी जुडी आणखी घट्ट धरली. काकांच्या मुलानं सांगितलं असतं की नसतं, कोण जाणे, त्याला ती संधीच मी दिली नाही. काकीनं दुसऱ्यांदा विचारलं आणि मी सांगून टाकलं. मला मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. मला फक्त ती जुडी खाली ठेवायची होती, हात दुखत होते.

काका ओटीवरून उठून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “मेलेल्या मानसाचा हात लागलेली गौर घरात येनार नाय.” त्यांनी माझ्या हातातून जुडी घेतली. मुखवटा सोडवून काकीकडे दिला, साडी सोडली आणि तेरडा उकिरड्यावर नेऊन टाकला. वेणीही त्यातच गेली. मग मला पुन्हा विहिरीवर पाठवलं. काकीनं स्वतः दुसरा तेरडा उपटला, दुसरी साडी आणली, मुखवटा गोमूत्रानं धुतला. बाबा कामावरून आले होते, ते पडवीत चपला हातात घेऊन उभे होते. मी दुसरी गौर घेऊन त्यांच्यासमोरून गेले. कोण आलं, काकीनं विचारलं. मी म्हटलं, गौर आली. सोन्याच्या पावलांनी आली. सगळी उत्तरं न अडखळता दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या चिंबोऱ्या घेऊन आली तेव्हा मागच्या फाटकाला कुलूप होतं. काका फाटकापर्यंत गेले. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. आत्यानं मान वर केली आणि घराकडे पाहिलं. खिडकीत मी आहे हे तिला कळलं असेल असं मला वाटतं. तिनं टोपली कमरेवर नीट घेतली आणि ती सातपाटीच्या रस्त्याला लागली. त्यानंतर ती आमच्याकडे कधी आली नाही. नैवेद्याच्या चिंबोऱ्या पालघरच्या बाजारातून यायला लागल्या.

मी मात्र पुढंही दरवर्षी गौर आणत राहिले. लग्न होऊन बोईसरला आले तरी दर भाद्रपदात माहेरी जायचे, कारण माझ्याशिवाय गौर घरात येत नव्हती. काकी माझ्या येण्याकडे डोळे लावून बसायची. ओटी भरायची, खण द्यायची, माझ्या आवडीचं करायची. मला मान मिळायचा आणि तो मला आवडायचा. आत्याची आठवण यायची, नाही असं नाही. बोईसरहून मुरब्याला टेम्पो जायचे, तासाभराची वाट. मी एकदाही गेले नाही. बाजारात मुरब्याच्या कोळणी भेटल्या की मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला वळायचे.

नव्वदच्या सुमाराला शिरगावकडच्या वाड्यांना गिऱ्हाइकं यायला लागली. मुंबईची माणसं समुद्राजवळ बंगल्यांसाठी जागा बघत फिरत. मोठे काका थकले होते, त्यांच्या मुलांना वाडीत रस नव्हता, धाकटे काका पालघरला राहायला गेले होते. विहिरीकडचा अर्धा तुकडा विकायचा ठरला. मला यातलं फारसं काही माहीत नव्हतं. त्या वर्षी गणपतीच्या आधी बाबा बोईसरला माझ्याकडे आले आणि म्हणाले, मुरब्याला जाऊन येऊ, आत्याला गौरीचं बोलावणं करायचंय. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते म्हणाले, दादानंच सांगितलंय. आता वयं झाली, किती दिवस धरून ठेवायचं. तू चल, तुझ्याशी तिचं जमायचं.

त्या दिवशी टेम्पोत मी बाबांचा हात धरून बसले होते. मला वाटत होतं, सगळं मिटलं. इतक्या वर्षांत बाबांनी केलेली एकच चांगली गोष्ट, असंही वाटलं, आणि त्यांच्याबद्दलचा सगळा राग मी वाटेतच सोडून दिला.

आत्या अंगणात बोंबील वाळत घालत होती. केस निम्मे पांढरे झालेले. तिनं आधी मला ओळखलं नाही, बाबांना लगेच ओळखलं. हात धुऊन आली आणि बाबांच्या पाया पडली. तिच्या नवऱ्यानं खुर्च्या मांडल्या, तो फार बोलणारा माणूस नव्हता, बाजूला उभा राहिला. आत्यानं चहा केला. बाबांनी तो घेतला. तिच्या घरचं पाणीही ते पहिल्यांदा पीत होते. बाबांनी बोलावणं केलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “दादा काय म्हनतो?” बाबा म्हणाले, दादानंच धाडलंय. तिची मुलगी दारात उभी होती, वीसेक वर्षांची, चांगली शिकलेली. ती आईला म्हणाली, जायचं नाही. इतकी वर्षं कुठं होते हे? आत्या तिला म्हणाली, तुला नाय कळायचं त्यातलं. आणि येते म्हणाली.

मी तिच्याशी एकटीनं बोलायला स्वयंपाकघरात गेले. मला त्या वेणीबद्दल माफी मागायची होती. मी सुरुवात केली तर ती म्हणाली, अगं तू लहान होतीस, आणि कपबश्या धुवायला लागली. मी तिला थांबवलं नाही. माफी इतक्या स्वस्तात मिळाली याचं मला बरंच वाटलं.

गौरीच्या दिवशी ती सकाळीच आली. फिकट निळं लुगडं नेसली होती, नवरा किंवा मुलगी बरोबर नव्हती. विहिरीवर तिनं स्वतः तेरडा निवडला, जुडी बांधली. काकी तिला साडी देताना म्हणाली, तूच नेसव. मी तांब्या घेऊन तिच्या मागं चालले, तिशीच्या जवळ आलेली बाई. या वेळी तिचे खांदे हलत नव्हते. उंबऱ्यात काकीनं विचारलं, कोण आलं? गौर आली. कशाच्या पावलांनी आली? आत्यानं ठरलेलंच उत्तर दिलं. मग ती गौरीला घेऊन सगळ्या घरातून फिरली. कणगी गेली होती, तिथं फ्रिज होता, गोठ्यात मोटारसायकल होती. कुठं काय होतं ते तिला पाठ होतं आणि आता काय आहे ते ती बघत होती. काकीनं तिची ओटी भरली. काका ओटीवर बसले होते, ती त्यांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी रडले. आई रडली. मला वाटतं बाबाही रडले असावेत, ते तोंड धुवायला मागं गेले होते.

रात्री ती माझ्या शेजारी झोपली. दुसऱ्या दिवशी तिनंच कालवण केलं, काकी तिला मसाला काढून देत होती. दोघी वहिनी-नणंद जुन्या गोष्टी काढून हसत होत्या. दुपारी पंगत झाली. आत्याला गौरीच्या शेजारी पाट मांडला होता, पुढं रांगोळी काढली होती. ती पोटभर जेवली.

हात धुऊन आम्ही बसलो तेव्हा पालघरचा एक दस्त लिहिणारा गृहस्थ ओटीवर येऊन बसलेला होता. त्याला पण जेवायला वाढलं होतं म्हणे, मला कळलं नव्हतं. काकांनी आत्याला बाहेर बोलावलं. कागद तयार होता. आजोबांच्या मागं वारसांत तिचं नाव लागलं होतं, ते कुणी काढलं नव्हतं. गौरीवर तिचा हक्क राहू दिला नव्हता, पण सात-बाऱ्यावर ती जिवंत होती आणि तिच्या सहीशिवाय विक्री होत नव्हती. काका म्हणाले, हक्कसोड आहे, परवा पालघरला कचेरीत जायचं, गाडी येईल, आज नुसती सही करून ठेव.

मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. तेव्हा मला कळलं की टेम्पोत बसले तेव्हाही त्यांना हे माहीत होतं.

आत्यानं कागद हातात घेतला. वाचला नाही. ती म्हणाली, “मला ठाऊक व्हतं, दादा. दोन मयन्यांमागं तलाठ्याचा मानूस मुरब्यात चौकशी करून गेला. सही तर मी थितंच दिली असती. मला गौर आनायची व्हती.”

 मग काका म्हणाले, “बरं झालं. मग कर सही.” गृहस्थाच्या पेनातली शाई उतरत नव्हती. तो झटकत राहिला. काका माझ्याकडे वळून म्हणाले, तुझ्या पर्समध्ये असेल ना. होतं. मी आत जाऊन पर्स उघडली, पेन आणलं आणि आत्याच्या हातात दिलं. तिनं तिथंच ओटीवर, गुडघ्यावर पाट घेऊन, सातवीपर्यंतच्या अक्षरात सही केली.

मी तेव्हा काय करायला हवं होतं, याचा विचार मी पुष्कळ केलाय. पेन नाही म्हणता आलं असतं. कागद आज नको, उद्या बघू, एवढं म्हणता आलं असतं. लग्न झालेली, घर सांभाळणारी बाई मी, आठ वर्षांची नव्हते. पण त्या घरात काकांनी काही मागितलं की आणून द्यायचं, हे माझ्या हातांना माहीत होतं.

विसर्जनाला आत्या थांबली. कचेरीतलं काम झाल्यावर तिला पालघरच्या स्टँडवर सोडलं. दिलेली साडी तिनं नेली, ओटीतला नारळही नेला.

पुढच्या वर्षी मी काकीला विचारलं, आत्याला बोलावणं कधी करायचं? काकी म्हणाली, “आता कशाला? झालं की सगळं.” तिच्या आवाजात वाईटपणा नव्हता, तिला खरंच प्रश्न समजला नव्हता. त्या वर्षी विहीर बुजवली होती, त्या जागी भिंत उभी राहत होती. तेरडा रस्त्याच्या कडेचा आणला. तो मीच आणला.

बाबांशी मी बोलले ते आणखी एका वर्षानं. ते गौरीचं बोलावणं करायला बोईसरला आले होते. मी त्यांना म्हटलं, “येते, पण आधी सांगा, कुठला कागद तयार आहे?” कागद कुठलाच नव्हता. आईचे गुडघे दुखत होते, काकी अंथरुणाला खिळली होती, घरात करणारं कुणी नव्हतं म्हणून ते आले होते.  त्यांनी चहा अर्धा ठेवला, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले. मी त्या वर्षी गेले नाही. मला वाटलं होतं, हे बोलल्यावर मोकळं वाटेल.

त्यानंतर काही दिवसांनी मी एकटी मुरब्याला गेले. मला आत्याला सांगायचं होतं की मी बाबांना विचारलं, तुझ्यासाठी मी भांडले. सगळं सांगितलं. ती बोंबील निवडत ऐकत होती. माझं बोलणं संपलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“तो माजा भाव हाय,” ती म्हणाली. “त्याला तू असं बोललीस? म्हातारा मानूस, एवढ्या लांब तुज्याकडं आला, आनी चहा अर्धा टाकून गेला?”

मी म्हटलं, त्यांनी तुला फसवलं. ती म्हणाली, फसायचं होतं म्हणून मी गेले, तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? मग ती आणखीही बोलली. पेन तूच दिलंस ते विसरलीस काय, असं ती म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ते ती म्हणाली नाही. माझ्या बाबांच्या तब्येतीची काळजी करत राहिली, आणि मी जाऊन त्यांची माफी मागितली का, हे दोनदा विचारलं. तिच्या मुलीनं मला टेम्पोपर्यंत सोडलं. वाटेत ती म्हणाली की आई अशीच आहे, तुम्ही मनावर घेऊ नका.

मी मनावर घेतलं. टेम्पोत बसले आणि बोईसर येईपर्यंत मला काकांचा राग येत होता, बाबांचा येत होता, माझा स्वतःचा येत होता. आणि त्या सगळ्यांपेक्षा जास्त आत्याचा येत होता.